मेंदूत साचलेलं तांबं

सकाळी उठलो की उशी ओली असायची. तान्ह्या मुलाची असते तशी, लाळेने. मी चोवीस वर्षांचा होतो. घरमालकीणबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून उशीचा अभ्रा मी रोज स्वतः धुऊन गच्चीवर वाळत घालायचो. हे कोणाला आणि कसं सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून कोणालाच सांगितलं नाही.

मी महेश, मूळचा कराडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून श्रीपेरुंबुदूरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो, ती दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. राहायला चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात होतो, सुंदररावकाकांच्या घरी, वरच्या खोलीत. काका संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं तंजावरचं. काका आणि काकू घरात मराठीच बोलायचे, पण ते मराठी जुन्या कागदांतून उठून आल्यासारखं, त्याला तमिळ हेल, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर त्या बोलण्यानेच मला तिथे धरून ठेवलं.

लाळेनंतर जीभ जड झाली. 'र' म्हणायला गेलो की तोंडात कापूस असल्यासारखं वाटायचं. त्या दिवसांत मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं आणि आई रोज संध्याकाळी फोन करायची. मी फोन उचलणं कमी केलं. उचलला तरी "हो", "नाही", "ठेवतो" एवढंच.

आईने एक दिवस विचारलं, "तिकडे कोणी मुलगी भेटलीय का रे? भेटली असेल तर सांग. अण्णांना मी बघते."

मी हसलो. ते हसणंही वाकडं झालं असावं, कारण आईने विषय बदलला.

*

आजार आहे हे मला कळण्याआधी मी दारुडा आहे असं इतरांना कळलं.

दुसऱ्या पाळीची बस कारखान्याच्या दाराशी थांबली. उतरताना माझा तोल गेला आणि मी पुढच्या माणसावर आपटलो. सुरक्षारक्षकाने मला बाजूला घेतलं. त्याने काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, पण माझ्या तोंडातून निघालं ते मलाच कळलं नाही.

"तण्णी पोट्टिरुक्किया?" त्याने हळू आवाजात विचारलं. तण्णी म्हणजे पाणी, आणि दारूलाही तोच शब्द.

मी मान हलवून नाही म्हणालो. मान थांबेना. ती हलतच राहिली.

त्यांनी मला नळीत फुंकायला लावलं. यंत्रावर काहीच आलं नाही. तरी सुपरवायझरने मला आत घेतलं नाही. घरी जा, नीट होऊन ये, म्हणाला. पाळीची दोनेकशे माणसं माझ्या शेजारून आत गेली. बरोबरच्या पोरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघायचं टाळलं, हे जास्त लागलं.

घरी परतलो तर काकू अंगणात रांगोळीच्या जागेवर पाणी मारत होत्या. मला भरदुपारी परत आलेलं बघून त्यांनी बादली खाली ठेवली.

"काय झालें बाळा?"

मी सांगायला गेलो आणि रडलो. काकूंनी पायरीवर बसवलं, ताक दिलं. ग्लास माझ्या हातात डचमळायला लागला तसा त्यांनी तो स्वतः धरला आणि माझ्या तोंडाला लावला. मग आत ओरडून म्हणाल्या, "अहो, सदरा घाला. याला मोठ्या आस्पत्रीत न्यायचें."

*

मोठ्या रुग्णालयात जाण्याआधी आणखी दोन ठिकाणं झाली. एका डॉक्टरांनी सांगितलं, घरापासून लांब राहता, स्ट्रेस आहे. दुसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि लग्न करा म्हणाले. प्रत्येक वेळी काका माझ्याबरोबर होते. रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. स्टेशनच्या जिन्यावर ते माझ्या एक पायरी खाली चालायचे, मी पडलोच तर त्यांच्या अंगावर पडावं म्हणून. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते.

तिसऱ्या ठिकाणी मेंदूविकार विभागात एक डॉक्टरबाई होत्या. पन्नाशीच्या, केसांत मोगरा, बोलणं मोजकं. त्यांनी मला दोन्ही हात पंखांसारखे पसरायला सांगितले. हात फडफडले. त्यांनी टॉर्च घेऊन माझ्या डोळ्यांत बघितलं, बराच वेळ, आणि मग स्वतः उठून मला नेत्रविभागात घेऊन गेल्या.

तिथल्या यंत्रावर मी हनुवटी टेकवली. नेत्रतज्ज्ञांनी बघितलं आणि शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. ते एकेक करून सात जण आले आणि माझ्या डोळ्यांत बघून गेले. एक मुलगी सोबतच्याला म्हणाली, "किती सुंदर आहे!" मग तिला माझं भान आलं आणि ती ओशाळली.

माझ्या दोन्ही बुबुळांच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं होतं. तांब्याचं.

आजाराचं नाव विल्सन्स डिसीज. डॉक्टरबाईंनी इंग्रजीत, अधूनमधून मोडक्या हिंदीत समजावलं. सगळ्यांच्या अन्नात थोडं तांबं असतं, यकृत नको असलेलं बाहेर टाकतं. माझ्या यकृताला ते जन्मापासून येत नव्हतं. तांबं साचत गेलं, यकृत भरलं, मग मेंदूत उतरलं. "तिथे त्या तांब्यामुळे ऑक्सिजनचे असे कण तयार होतात, जे आजूबाजूच्या पेशी जाळत सुटतात. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात."

दोन महिने सगळे मला स्ट्रेस आहे म्हणून सांगत होते, आणि शेवटी निघाला तोही स्ट्रेसच. मला हसू आलं. बाईंना वाटलं मी घाबरलो.

"ऐका," त्या म्हणाल्या. "म्हातारपणीच्या कंपवातात, विसरण्याच्या आजारात, असल्या पुष्कळ दुखण्यांत ही जाळपोळ चालू असते. तिथे काडी कोण लावतं ते आम्हाला अजून नीट माहीत नाही. तुमच्या बाबतीत माहीत आहे. तांबं बाहेर काढायच्या गोळ्या आहेत. जन्मभर घ्यायच्या. तुम्ही नशीबवान आहात."

मला तेव्हा तसं अजिबात वाटलं नाही. बाहेर बाकावर काका बसले होते. मी कागदावर वेडंवाकडं लिहिलं, 'औषध आहे'. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि उपरण्याने बराच वेळ पुसत राहिले.

*

मला भरती करून घेतल्याचं काकांनी कळवलं आणि आई चेन्नईला आली, आयुष्यात पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर पडून. अण्णांची, म्हणजे वडिलांची, शाळा चालू होती, ते मुख्याध्यापक होते, आणि अश्विनी, माझी धाकटी बहीण, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तेव्हा आई एकटीच. पिशवीत लाडू, कुळथाचं पीठ, दाण्याचं कूट, आणि एक तांब्याचा तांब्या. मला वॉर्डात बघताच तिने आधी तो घासला, पाण्याने भरला आणि खाटेशेजारी ठेवला. "रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी पी. लहानपणी रोज देत होते ना, म्हणून तर धडधाकट होतास."

नर्सने तो तांब्या बघितला आणि धावत येऊन उचलला. तिच्या तमिळमधलं आईला काही कळेना. मग काकांनी सांगितलं, अगदी सावकाश, जितकं हळुवार सांगता येईल तितकं.

आई खाटेच्या कडेला बसली. "म्हणजे मीच पाजलं?" एवढंच म्हणाली.

दोन दिवस ती जेवली नाही. तिला बोलायचं नव्हतं आणि मला नीट बोलता येत नव्हतं. शेवटी काकूंनी तिला डॉक्टरबाईंच्या समोर नेऊन बसवलं आणि स्वतः दुभाषी झाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, की घराघरांत लोक तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात, त्यांना काही होत नाही. हा दोष जन्माचा आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही आले तरच होतो.

"दोघांकडून?" आईने विचारलं.

"दोघांकडून. एकट्याकडून होत नाही."

काकूंनी ते आईला दोनदा सांगितलं. त्या दुपारी आईने दहीभात खाल्ला.

मग पथ्य आलं. दाण्याचं कूट बंद, तीळ बंद, सुकामेवा बंद, चॉकलेट बंद. "कुटाशिवाय भाजी कशी करतात?" असं आईने काकूंना इतकं गंभीरपणे विचारलं, की त्या हसून लोटपोट झाल्या. पुढे आईने सांबार शिकून घेतलं. ती कराडला अजून करते, आणि बाकीचे ते अजून सहन करतात.

लघवी दिवसभर एका डब्यात साठवून तपासणीला द्यायची असे. आई तो डबा पदराखाली झाकून लांबलचक व्हरांड्यातून नेत असे, दुधाची किटली न्यावी तशी. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून तिच्याबरोबर चालायची. तिला मराठी येत नव्हतं, आईला तमिळ नव्हतं. तरी परत येईपर्यंत दोघींचं काहीतरी बोलणं झालेलं असायचं.

*

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण ज्यांना हा आजार आहे त्यांनी ते वाचायला हवं.

गोळ्या सुरू झाल्या आणि मी बिघडलो. डॉक्टरबाईंनी आधी बजावलं होतं, सुरुवातीला काही जणांचं वाढतं, घाबरायचं नाही, मला येऊन भेटायचं. मी घाबरलो. घरी सोडल्यानंतर दीड महिन्यात माझा उजवा हात मनगटात वळला. बोलणं पूर्ण गेलं. आई मला पेज भरवायची आणि अर्धी हनुवटीवरून खाली यायची.

त्या वेळी वसंतमामा आला. आईचा भाऊ, पुण्यात नोकरीला. माझ्यावर त्याचा जीव. कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आल्यापासून तो जोडधंदा म्हणून कॅप्सूल विकायचा, आणि त्याच्या बॅगेत त्यांच्या मोठमोठ्या बाटल्या होत्या.

"अँटिऑक्सिडंट," तो म्हणाला. "तुझे डॉक्टर काय म्हणतात? ऑक्सिडेशन. मग त्यावर हेच औषध. नैसर्गिक आहे. त्या गोळ्यांनी तू बिघडलास हे दिसतंय ना डोळ्यांना?"

आई म्हणाली, "दोन्ही घे. गोळ्या सोडू नको."

मी मान डोलावली. आणि गोळ्या सोडल्या. आई द्यायची, मी गालात धरून ठेवायचो आणि ती वळली की थुंकायचो. कॅप्सूल मात्र रोज मनापासून गिळल्या. मला कोणी फसवलं नाही. बरं होण्याची घाई मलाच झाली होती, आणि मामाचं म्हणणं डॉक्टरांच्या म्हणण्यापेक्षा ऐकायला गोड होतं.

पहिले काही दिवस बरं वाटलं. महिनाभराने मात्र पाणी गिळताना ठसका लागायला लागला. मग न्हाणीघरात पडलो, ताप चढला. काका आणि शेजारचे दोघे मला उचलून टॅक्सीत घालून घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी रक्ताचे आकडे बघितले आणि विचारलं, "गोळ्या घेतोयस?"

आई "हो" म्हणाली. मी डोळे मिटले. खाटेवर अक्षरांचा तक्ता होता, बोलता न येणाऱ्यांसाठी. मी बोटाने एकेक अक्षर दाखवलं. 'नाही.'

आईने बॅगेतून कॅप्सूलची बाटली काढून पुढे केली. डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली. मग बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि एका ओळीवर नख ठेवलं. जीवनसत्त्वं, जस्त, सेलेनियम, आणि कॉपर.

"दुसऱ्या कोणाला यातलं तांबं चाललं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला नाही. आणि बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी आग लागलेल्या घरात नुसतं पाणी मारून काय उपयोग? आतलं रॉकेल काढायला नको का?"

त्या गेल्यावर मला वाटलं आई आता बोलेल. तिने माझा वळलेला हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करत बसली. एक सरळ केलं की आधीचं पुन्हा वाकायचं. संध्याकाळपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

मामाला कळलं तेव्हा तो फोनवर रडला. पुढे त्याने ते काम सोडलं. मी त्याला कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही.

*

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी अगदी थोड्यापासून, हळूहळू वाढवत. नाकात नळी होती. रोज सकाळी वाचा शिकवणारी एक तरुण बाई यायची. तिला फक्त तमिळ आणि इंग्रजी येत होतं, तेव्हा माझ्या जिभेचे धडे तमिळमध्ये झाले. तमिळमध्ये एक 'ळ' आहे, जीभ मागे वळवून म्हणायचा, तो आपल्याला धड असतानाही जमत नाही. ती मला त्याच अक्षरावर घेऊन बसायची. "वाळैप्पळम," ती म्हणायची. म्हणजे केळं. मी "आ-आ" करायचो. खाटेच्या पलीकडे बसून आईही म्हणायची, "वाळैप्पळम, वाळैप्पळम."

चौथ्या महिन्यात एका सकाळी तो शब्द माझ्या तोंडून बाहेर आला. वाकडातिकडा, पण ओळखू येईल असा. वाचा शिकवणाऱ्या बाईने टाळी वाजवली. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई उठून गेली आणि खरोखरच केळं घेऊन आली. इतक्या महिन्यांनी मी जो पहिला शब्द बोललो तो माझ्या भाषेतला नव्हता, याचं आईला जरा वाईट वाटलं. दोन दिवसांनी मी "आई" म्हणालो तेव्हा ते गेलं.

*

डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली होती. सख्ख्या भावंडाची तपासणी करा, लगेच करा. अण्णांनी ती सात महिने लांबवली.

अण्णा दर महिन्याला येत. खाटेपासून दोन हात लांब खुर्ची घेऊन बसत आणि वर्तमानपत्र वाचत. माझी लाळ गळायला लागली की ते खिडकीबाहेर बघत. मी त्यांच्या शाळेत होतो तेव्हा वक्तृत्वाचा ढाल-चषक मीच आणत असे. त्या मुलाला असं बघणं त्यांना झेपत नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा राग यायचा.

अश्विनीच्या तपासणीचा विषय निघाला की ते म्हणत, "पोरगी ठणठणीत आहे. तिला दोन स्थळं सांगून आली आहेत. उगाच कपाळावर शिक्का कशाला?"

आई एरवी त्यांच्यापुढे बोलत नसे. त्या दिवशी ती वॉर्डातच म्हणाली, "महेशसुद्धा ठणठणीतच होता."

अखेर अश्विनीनेच निकाल लावला. परीक्षा संपली तशी तिने स्वतःच तिकीट काढलं आणि अण्णांना सांगितलं, "मी दादाकडे चाललेय. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर एकटी जाते." अण्णा आले.

तिच्या डोळ्यांत कडं नव्हतं. हात पसरले तर रेषेत सरळ. अण्णांचा चेहरा उजळला. मग रक्ताचा आणि लघवीचा अहवाल आला. डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं, काका-काकूंनाही. मी चाकाच्या खुर्चीत होतो.

"हिलाही आहे," त्या म्हणाल्या. "पण अजून फक्त यकृतात. मेंदूपर्यंत पोचलेलं नाही. आज औषध सुरू केलं आणि कधीच सोडलं नाही, तर हिला काहीही होणार नाही."

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक करकरत होतं.

अश्विनीने विचारलं, "दादाला झालं नसतं तर मला कधी कळलं असतं?"

काकूंनी तमिळमध्ये विचारलं. डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कळलं असतं," त्या म्हणाल्या. "तीन-चार वर्षांनी. असंच."

मला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ उघडले आणि शब्दाआधी लाळच आली. तेव्हा अण्णा खुर्चीतून उठले. खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझी हनुवटी पुसली. घाईने नाही, नीट, कडेपासून कडेपर्यंत. मग रुमाल घडी करून परत खिशात ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले.

*

हे लिहिताना मधे पाच वर्षं गेली आहेत. मी चालतो. बोलतो, सावकाश, आणि दमलो की शब्द घसरतात. लिहिताना हात थोडा थरथरतो, म्हणून हे टाइप केलं आहे. कारखान्याने मला कागदपत्रांच्या विभागात घेतलं. राहतो अजून आवडीलाच. गोळ्या उपाशीपोटी असतात, म्हणून सकाळी कॉफीला एक तास उशीर होतो, आणि काकू त्यांची कॉफीही तेवढी थांबवतात. सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.

तुमच्या घरात कोणाची जीभ कारणाशिवाय जड झाली, हात कापायला लागले, तरुण माणूस अचानक वेगळाच वागायला लागला, तर त्याला ताण आहे किंवा तो प्यायला आहे असं ठरवून मोकळे होऊ नका. डोळे तपासून घ्या. आजार निघाला तर भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात करा. गोळ्यांनी आधी बिघडलात तर डॉक्टरांकडे जा, माझ्यासारखं थुंकू नका.

अश्विनीचं लग्न झालं. मुलगा बघायला आला तेव्हा चहाच्या आधी तिने स्वतः सगळं सांगितलं. पहिल्याने नकार दिला. दुसऱ्याने विचारलं, "मग आमच्याकडे भाजीत कूट घालतात, तुझ्यासाठी वेगळी करू का?" त्याच्याशी झालं.

मागच्या महिन्यात ती नेहमीच्या तपासणीला गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तिला थांबवून घेतलं. मुलांना आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, तपासा, काय सापडतं ते सांगा. पोरांनी तिला चालवलं, हात पसरायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, डोळ्यांत टॉर्च मारले. अर्धा तास झाला तरी त्यांच्या वहीत काही उतरेना. शेवटी एकाने कंटाळून विचारलं, "मॅडम, तुम्हाला नेमका त्रास काय होतो?"

"काहीच नाही," अश्विनी म्हणाली.